पॅसेजमधले गृहस्थ

४ फेब्रुवारी

बाबांनी आज आरशातल्या माणसाला बसायला सांगितलं!

पॅसेजमधल्या कपाटाच्या दाराला उंच आरसा आहे. मी स्वयंपाकघरातून येत होते. सासरे आरशासमोर उभे, आणि आतल्याला म्हणतायत, "उभे का? बसा ना." मग हवेत बघून, जरा वैतागून — "कुणीतरी खुर्ची द्या यांना. केव्हाचे ताटकळलेत."

हे 'कुणीतरी' म्हणजे मी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बाबा माझ्याशी असेच बोलतात. कुणीतरी चहा टाका. कुणीतरी दार लावून घ्या. रागाने नाही, तुसडेपणानेही नाही. सवय पडली, एवढंच.

म्हटलं, "बाबा, तो आरसा आहे."

"आरसा आहे ते दिसतंय. आरशात कोण आहेत, हा प्रश्न आहे."

"तुम्हीच आहात."

हसले. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. मागच्या बाकावरून अचाट उत्तर आलं की असेच हसत असणार.

खुर्ची नाही दिली मी.

५ फेब्रुवारी

गृहस्थ आजही आहेत.

८ फेब्रुवारी

पाठ सुरू केला एकदाचा. घरी बसून परीक्षा देणाऱ्यांसाठी विद्यापीठ पुस्तिका काढतं आहे. माझ्याकडे ग्रीक तत्त्वज्ञान. प्रतिमा, विश्वास आणि ज्ञानाच्या पायऱ्या. संपादकबाईंचा फोन — "सोपं लिहा हो! वाचणारी माणसं दिवसभर काम करून दमलेली असतात."

म्हणून असं लिहिलं: एक उभी रेघ काढा. तिचे दोन असमान भाग करा. खालचा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या जगाचा, वरचा बुद्धीला कळणाऱ्या जगाचा. मग प्रत्येक भाग पुन्हा त्याच प्रमाणात कापा. झाले चार तुकडे. सर्वांत खाली सावल्या आणि प्रतिबिंबं. तिथला माणूस प्रतिमेलाच वस्तू समजतो. त्याच्या वर खऱ्या वस्तू — झाड, खुर्ची, शेजारी. त्या समोर आहेत यावर आपला विश्वास असतो, का ते सांगता येत नाही. तिसरा तुकडा तर्काचा. गणिती वर्तुळ काढतो, पण बोलतो ते कागदावरच्या वर्तुळाबद्दल नव्हे. आणि सर्वांत वर ज्ञान — कशाचाही टेकू न घेता उभं असलेलं.

बाईंनी विचारलं, "प्रतिबिंबासाठी घरातलं एखादं उदाहरण?"

घरातलं उदाहरण पॅसेजमध्ये उभं होतं. म्हटलं, बघते.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्यांना नवल वाटलं नाही. विसरण्याच्या या आजारात काहींना स्वतःचा चेहरा परका होतो म्हणाल्या. "वाद घालू नका. आरसे झाकून टाका."

नवऱ्याने लगेच चादर काढली. मी म्हटलं, "झाकायचं कशाला? समजावून सांगू. माणूस हुशार आहे."

"तुझे ग्रीक कॉलेजात ठेव," तो म्हणाला. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात इंजिनिअर आहे. गाळ दिसला की आधी झडप बंद करायची, हा त्याचा स्वभाव.

१२ फेब्रुवारी

चादर सकाळी घडी घालून खुर्चीवर. कडा कडांना तंतोतंत जुळवलेल्या. बाबा म्हणाले, "श्वास कोंडेल त्यांचा. कुणीतरी जरा विचार करत जा."

१५ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. आल्या आल्या पॅसेजमध्ये जाऊन मोठ्याने — "काय म्हणताय? तब्येत बरी ना?" आरशाला! बाबा खूश. वन्सं माझ्याकडे वळून डोळे मिचकावत, "चला, माहेरी आता मला दोन-दोन बाप!"

हसू आलं. पण मला हे जमत नाही.

सासूबाईंचंही तेच. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, बाबा ते विसरलेत. "ही कुठाय?" असं विचारलं की वन्सं बिनदिक्कत सांगतात, "बाजारात गेलीय, येईल." बाबा मान डोलावतात. माझ्यासमोर विचारलं तर मी गप्प बसते. खरं सांगत नाही, खोटंही बोलत नाही. वन्सं म्हणाल्या, "अगं, त्यांना बरं वाटतंय ना? मग तुझं काय जातं?"

काय जातं ते नीट सांगता आलं नाही. माझ्या विषयाची पहिली अटच तीच आहे एवढं कळतं — बरं वाटणं वेगळं, खरं असणं वेगळं.

१८ फेब्रुवारी

आज गंमत झाली. बाबा आरशासमोर होते, मी मागून येत होते. आरशात बघूनच गृहस्थांना म्हणाले, "तुमच्या मागे आमची सून उभी आहे. जरा बाजूला व्हा, तिला जाऊ द्या." आणि मग नेमके माझ्याकडे वळले!

म्हणजे माझं प्रतिबिंब ते माझंच. कपाटासमोरची कुंडी, तिचंही बरोबर. छत्रीचंही. चुकतो तो एकच चेहरा.

बरं, भूमिती शाबूत आहे. काल एक प्रमेय तोंडपाठ म्हणून दाखवलं, वाटेत एकदाही न अडखळता. तिसरी पायरी भक्कम आणि पहिली गायब. रेघ काढणाऱ्या माझ्या ग्रीकाने असल्या माणसाची सोय केलेली नाही. त्याच्याकडे सगळे खालून वर चढतात.

२३ फेब्रुवारी

धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाले होते. बाबा पॅसेजमध्ये खुर्ची घेऊन बसलेले. (आता स्वतःच आणतात.) गृहस्थांशी गप्पा चालल्या होत्या. मी वळणावरच थांबले. थांबायला नको होतं.

"आमची सून शिकवते. कॉलेजात. काय शिकवते ते मी कधी विचारलं नाही. तत्त्वज्ञान म्हणजे शब्दांचे बुडबुडे, असं एकदा जेवताना म्हणालो होतो. तिने ऐकलं. नंतर विचारायला तोंड राहिलं नाही. आता इतक्या वर्षांनी विचारायचं म्हणजे… उशीर झाला, नाही का?"

मग उत्तरासाठी थांबले. पुरेसा वेळ दिला त्यांना.

"तुमचंही तसंच म्हणणं पडलं तर," म्हणाले.

कपडे वाळत घातले. वारा बराच होता, चिमटे कमी पडले.

बुडबुड्यांचं ते जेवण मला आठवतं. मीही नंतर कधी सांगायला गेले नव्हते.

२४ फेब्रुवारी

दिवसभर विषय काढेन काढेन म्हणत राहिले. नाही काढला.

२ मार्च

काढला. पाठाचे कागद घेऊन सरळ बाबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाबा, एक रेघ काढायचीय. मदत कराल?"

रेघ म्हटल्यावर चष्मा आला, पट्टी आली. मी वाचत गेले तसे ते कापत गेले. असमान दोन भाग. प्रत्येकाचे पुन्हा त्याच प्रमाणात दोन. चौथी खूण केली आणि पेन्सिल थांबली. पट्टी उलटसुलट लावून बघितली. मग खाली बारीक अक्षरात गणित मांडलं आणि माझ्याकडे — हवेत नाही, माझ्याकडे! — बघून म्हणाले,

"मधले दोन सारखे आले."

"हो."

"येणारच. कसंही काप, प्रमाण कुठलंही घे, मधले दोन सारखेच येणार. हे दोन कशाचे म्हणालीस?"

"एक विश्वासाचा. एक तर्काचा."

"पण तुझा माणूस तर म्हणतो की तर्क वरचा."

"म्हणतो."

"मग लांबी सारखी कशी? त्याला माहीत होतं का हे?"

त्यावर पंडितांचं अजून एकमत नाही, हे सांगितलं. टिपांमध्ये मी ते कितीदा वाचलंय, विद्यार्थ्यांना सांगितलंय, आणि स्वतः पट्टी घेऊन एकदाही कापून बघितलेलं नाही — हेही सांगून टाकलं. बाबांना फार आवडलं. "बघायला हवं होतंस," म्हणाले. "तुझा विषय वाईट नाही. आकृती आहे त्यात."

'तू' म्हणाले. 'तुझा' म्हणाले.

नंतर कागद घेऊन पॅसेजमध्ये गेले, गृहस्थांना दाखवायला. आरशात कागद उलटा, तरी समजावत होते. मी अडवलं नाही.

६ मार्च

वाईट झालं आज.

दिवेलागणीला बाल्कनीचं काचेचं दार लावलं. बाहेर अंधार, आत दिवा — काचेत गृहस्थ. बाबांच्या अंगातला तपकिरी स्वेटर त्यांच्याही अंगात. "माझा स्वेटर काढ!" म्हणून ओरडले. त्यांना असं ओरडताना मी कधी ऐकलेलं नाही. काठी उचलली. नवरा धावेपर्यंत काच गेली होती. तळहाताला टाके पडले.

टाके घालताना शांत होते. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "चोर नव्हता हो तो. ओळखीचेच आहेत. त्यांनी असं करायला नको होतं."

८ मार्च

घरातली बैठक. मी, नवरा, वन्सं. गावाबाहेर वृद्धांसाठी एक सदन आहे, बाग आहे, रात्रंदिवस परिचारिका असतात. महिनाअखेरीस एक खोली रिकामी होते आहे. वन्सं रडल्या. "मी नेते त्यांना माझ्याकडे." पण त्यांचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, यजमानांचे गुडघे गेलेले. त्यांनाही ते ठाऊक होतं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मलाही तेच योग्य वाटतं."

वाटतंच. दोघंही कामाला जातो. परत काठी उचलली तर?

वन्सं निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "तू तरी नाही म्हणशील असं वाटलं होतं." मी विचारलं, मी का? त्या म्हणाल्या, "हल्ली तुझ्याशी बोलतात ना ते."

१० मार्च

मनात एक घोळतंय. भीती वाटते ती परक्या माणसाची. परका नाहीच, हे कळलं तर भीती कशाची? मग सदनाचं तरी काय काम?

सांगून पटत नाही. पण सिद्ध करता येईल. भूमितीने.

११ मार्च

नवरा पाळीवर गेल्यावर सुरुवात केली. म्हटलं, "बाबा, आरशात प्रतिमा कुठे पडते?"

"वस्तू जेवढी पुढे, तेवढीच प्रतिमा मागे." ताबडतोब. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"मग हे गृहस्थ कुठे उभे असायला हवेत?"

डोळे चमकले. सुतळी मागवली. एक टोक त्यांच्या पायापाशी, दुसरं आरशाला. तेवढी लांबी गाठ मारून ठेवली. कपाटामागे भिंत, भिंतीपलीकडे बाथरूम. "कपाटाची जाडी वजा कर. भिंतीचीही," मला बजावलं. मग आम्ही दोघं बाथरूममध्ये, भिंतीपासून उरलेली सुतळी ताणून. टोक बादलीपाशी आलं.

"इथे उभे असायला हवेत," बाबा म्हणाले.

बादली होती. बाबांनी बादलीतही वाकून बघितलं.

"इथे कुणी नाही. पॅसेजमध्ये माझ्याखेरीज कुणी नाही. म्हणून…" आणि वर्गात थांबतात तसे थांबले, पुढचं मुलांनी सांगावं म्हणून.

"म्हणून?" मी म्हटलं. बाई, किती उत्साहाने म्हटलं मी ते!

"म्हणून तो मी."

परत पॅसेजमध्ये आले. आरशासमोर उभे राहिले. हात वर केला, खाली केला. टाके घातलेला तळहात काचेला लावला. मला वाटलं, झालं. बराच वेळ बघत होते.

"एवढा म्हातारा?" म्हणाले.



"मी एवढा म्हातारा झालोय, तर मग ही…" पुढची पायरी स्वतःच मांडत होते, एकेक करत, न चुकता. "बाजारात जाण्याचं वय नाही तिचं. एवढा वेळ तर नाहीच. कुणी आणलंही नाही तिला." वळले. "ती नाही ना आता?"

"नाही, बाबा."

"केव्हा?"

सांगितलं.

"मी होतो तेव्हा जवळ?"

"होतात. तुमचा हात होता त्यांच्या हातात."

आज पहिल्यांदाच कळल्यासारखे खाली बसले. खुर्ची जवळ नव्हती. जमिनीवरच बसले. सुतळी हातात होती.

१२ मार्च

जेवले नाहीत. दूधही नाही. कुणी विचारलं तर "नको" एवढंच, अगदी सभ्यपणे.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "काय मिळवलंस?"

"त्यांना खरं कळलं."

आवाज माझाच होता. वर्गातला.

ग्रीक म्हणतो, अंधारातून उजेडात आलं की आधी डोळे दुखतात, मग सवय होते. असेल. सवय व्हायला पुढचे दिवस मागचे धरून ठेवणारे लागतात. बाबांकडे तसे दिवस नाहीत.

१३ मार्च

सकाळी पॅसेजमधून आवाज — "नमस्कार! कालपरवा दिसला नाहीत?"

उकडलेलं अंडं खाल्लं. पाव दोनदा मागून घेतला.

१५ मार्च

वन्सं आल्या. झालेलं कळलं होतं त्यांना. मला वाटलं बोलतील. स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभ्या राहून भांडी पुसत राहिल्या. मग एवढंच — "आई गेली ते त्यांना मीसुद्धा एकदा सांगितलं होतं. विसरायला लागले त्या पहिल्या वर्षी. तेव्हापासून बाजारात पाठवते तिला."

मला हे माहीत नव्हतं. त्यांना आपलं सोपं पडतं म्हणून बोलतात, असं धरून चालले होते मी.

२१ मार्च

पाठ पाठवला. संपादकबाईंना आवडला. मधले दोन तुकडे सारखे येतात तो भाग त्यांनी चौकटीत टाकलाय. "फक्त सगळ्यांत वरच्या पायरीवर दोन ओळी वाढवा. तिथे पोचलेल्याला नेमकं काय कळतं?"

पाठ्यपुस्तकांत असतं ते लिहून दिलं. त्यांना चाललं.

२७ मार्च

सदन बघून आलो. स्वच्छ आहे. बाग म्हणजे खरोखर बाग. परिचारिका तरुण, आवाज मऊ. बेसिनवर आरसा आहे, भिंतीत पक्का बसवलेला. मी विचारलं, "त्यांनी आरशातल्याशी बोलायला सुरुवात केली तर तुम्ही काय करता?"

"इकडे लक्ष नाही द्यायचं, आजोबा, असं सांगतो," ती म्हणाली. "आणि खोलीतून बाहेर आणतो."

बरोबरच आहे. काही चूक नाही त्यात.

परतताना नवरा गाडी चालवत होता. सिग्नलला म्हणाला, "पाळ्या बदलून मिळतील का, विचारलं मी. रात्रीची कायमची घेतली तर दिवसा घरी असेन."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले." सिग्नल सुटला. विषय तिथेच राहिला.

३० मार्च

बाबांची बॅग भरली. शर्ट, स्वेटर, चष्म्याचं जादा घर, पट्टी. पट्टी दोनदा बाहेर काढून परत ठेवली.

उद्या सकाळी सदनाची गाडी येईल. त्यांना सांगितलंय, बागेत जायचंय. नवऱ्याने सांगितलं. मी तिथे होते, काही बोलले नाही.

३१ मार्च

बाबा बूट घालून आरशासमोर उभे होते. बॅग दाराशी. मला हाक मारली. "तू खोटं बोलत नाहीस. म्हणून तुला विचारतो. हा मीच ना?"

"नाही, बाबा. ते वेगळे आहेत."

माझ्याकडे बघत राहिले. मग बॅगकडे. "मग बॅग त्यांची? कुठे पाठवताय त्यांना?" आवाज खाली आणून, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून — "अगं, त्यांना कुणी नाही. राहू दे ना इथेच. जागा आहे आपल्याकडे."

नवरा दारात घराच्या किल्ल्या घेऊन उभा होता. मी खाली जाऊन गाडी परत पाठवली.